पायरीवरचा पहारा

या, अशा जवळ सरका. बुवांची गाडी अजून यायची आहे, पेटीवाले पेटी पुसत बसलेत, मृदंगाला अजून कणीक लागायची आहे. तोवर एक गोष्ट सांगते. लेकरू मांडीवर निजलं असेल तर तसंच निजू द्या. गोष्ट देवाची नाही, देवाच्या दारातल्या दोन बायकांची आहे. पुराणात ऐकलेली नाही, मी या डोळ्यांनी पाहिली आहे. शेवटाला तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, पण ते शेवटालाच सांगेन.

मिरजेत स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्याला आमचं मुरलीधराचं देऊळ. मी तिथल्या गुरवांची सून. झाडलोट, वाती, फुलं, नैवेद्याची पानं, हे सगळं माझ्या हातचं. तेव्हा माझे गुडघे चांगले होते. श्रावणातली पहाट होती, काकडा व्हायचा होता. मी ओवरी झाडत होते आणि कोपऱ्यातल्या खांबाशी माझा झाडू गाठोड्याला लागला. गाठोडं हललं.

"कोण गं ते?"

"मीच की, अनसाताई."

सोजराबाई! माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. जी बाई पाचसहा दिवसांमागं या ओवरीतून वाजतगाजत स्वतःच्या घरात राहायला गेली, ती परत त्याच खांबाशी, त्याच पोत्यावर, त्याच चौघडीत.

"अगं, तुझं घर?"

"हाय की घर. कुठं जातंय?"

"मग इथं काय करतेस?"

"झोप येईना तिकडं. पंखा लई वाजतोय." इतकं बोलून तिनं चौघडीची घडी घातली आणि नळाकडं निघून गेली. तिची पाठ बघूनच मला कळलं, ही खोटं बोलते आहे. आगगाडीच्या शिट्ट्यांत, कुत्र्यांच्या भांडणात, कीर्तनाच्या टाळांत जी बाई वर्षानुवर्षं घोरत झोपली, तिला पंखा वाजतोय?

सोजरा मूळची जतकडची. नवरा वारला, दिरांनी बाहेर काढली, तेव्हापासून आमच्या ओवरीत. लग्नकार्यात भांडी घासायची, सप्ताहात तांदूळ निवडायची. कुणापुढं हात पसरला नाही तिनं. देवळाचे पंच भास्करराव आणि मी, आम्ही दोघांनी तिच्यासाठी खेटे घातले तेव्हा कुठं माळावरच्या सरकारी इमारतीत तिला एक खोली मिळाली. तिसरा मजला, मोरी घरात, नळ घरात. मी तिला तुळशीचं रोप दिलं, मुरलीधराची तसबीर दिली. रिक्षात बसताना ती सगळ्यांच्या पाया पडली, "येते हं, येते हं" करत ओवरीतल्या प्रत्येकाशी बोलली. पायरीवरच्या सगुणाबाईंच्या तर कानाशी वाकून बोलली. आम्ही बायकांनी डोळे पुसले.

सगुणाबाईंचं सांगायचं राहिलं. देवळाच्या खालच्या पायरीवर, स्टेशनकडं तोंड करून एक म्हातारी बसायची, त्या सगुणाबाई. बार्शीकडच्या. डोक्यानं थोड्या सरकलेल्या, असं सगळे म्हणायचे. कुणीतरी त्यांना इथं सोडून गेलं होतं. त्या कधी आत मंडपात येत नसत. पाऊस लागला तर डोक्यावर पोतं घेत, पण पायरी सोडत नसत. एकदा वृद्धाश्रमाची गाडी त्यांना न्यायला आली, तर त्यांनी दगडी खांबाला अशी मिठी मारली की नेणारे दमून परत गेले. तेव्हापासून त्यांच्या वाटेला कुणी जात नव्हतं. भाकरी द्यावी, पाणी द्यावं, एवढंच.

आता सोजराकडं वळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत खांबाशी. तिसऱ्या दिवशीही. दुपारी कुठंतरी गडप व्हायची, दिवेलागणीला यायची. विचारलं की दर वेळी नवीन कारण. एकदा पंखा, एकदा ढेकूण, एकदा म्हणाली, "जिना चढवत न्हाई ताई." हीच बाई सप्ताहात डोक्यावर पाण्याची घागर घेऊन शिखराच्या गच्चीवर जायची.

भास्कररावांचा संशय सरळ होता. ते मला मंडपाच्या कडेला घेऊन म्हणाले, "वहिनी, डोळे उघडा. भाडेकरू ठेवलाय तिनं."

"सोजरा तसली नाही हो."

"गरज माणसाला तसली करते. आणि आता ऐका. सप्ताह संपायच्या आत तपासणीचे साहेब येणार आहेत. ज्याचं घर तोच राहतोय का, ते बघायला. दाराला कुलूप दिसलं किंवा दुसरं कुणी राहताना दिसलं, की घर रद्द. परत मिळणार नाही. आणि शिफारस कुणाची? तुमची आणि माझी."

"तिला सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. हसली. म्हणाली, 'मुरलीधर बघंल.' मुरलीधराला काय, त्याला देऊळ आहे!"

गोकुळाष्टमीचा सप्ताह बसला होता. मंडपात अखंड वीणा सुरू होती. ज्यांनी सप्ताह जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यात वीणा, तो उभा राहून नाम घेतो, त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मध्ये क्षणभरही ती जमिनीला टेकत नाही. आमच्याकडं बायकांचाही पहारा असतो. माझाही होता. पण त्या वर्षी वीणा गळ्यात असताना माझे डोळे देवाकडं नव्हते, सोजराकडं होते. मुरलीधरा, तुझी माफी मागूनच सांगते.

कारण ती काही भलतंच करत होती. स्टेशनकडून येणाऱ्या वाटेवर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांची तोंडं न्याहाळायची. साठीकडं झुकलेली बाई, आणि वाटेवरच्या परक्या बाप्यांना हटकायची! एकाला तर तिनं चहाच्या गाड्यावर गाठलं, त्याच्या कपाळाकडं निरखून बघितलं, काहीतरी विचारलं. तो मान हलवून निघून गेला. माझ्याबरोबर भास्कररावांनीही ते बघितलं.

"बघा," ते म्हणाले, "घराला गिऱ्हाईक शोधतीय."

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा उरकली, लाह्यांची पुडी प्रसाद म्हणून घेतली आणि सिटी बसनं माळावर गेले.

इमारत नवी होती, पण जिन्यात आत्ताच पानाच्या पिचकाऱ्या. तिसऱ्या मजल्यावर सोजराच्या दाराला कुलूप. दाराशी मी दिलेली तुळस होती आणि ती चांगली तरारली होती. म्हणजे रोज पाणी मिळत होतं. वर दोरीवर दोन लुगडी वाळत होती. एक सोजराचं, हिरवं, मीच दिलेलं. दुसरं मळकट तांबडं, जुनेर, ठिगळाचं. ते सोजराचं नव्हतं. भास्करराव खरं बोलत होते.

खिडकीची एक फळी उघडी होती. डोकावले. आत मुरलीधराची तसबीर, तिला ताजं फूल. स्टोव्ह. दोन ताटं पालथी. दोन अंथरुणं. एक भिंतीशी गुंडाळलेलं, दुसरं खिडकीपाशी व्यवस्थित पसरलेलं. वर धुतलेली चादर. उशी. त्या उशीवर एकही सुरकुती नव्हती.

"ओ ताई! काय बघायलाय?"

शेजारच्या दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. नूरजहान तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

"मी देवळातली. सोजराबाईसाठी प्रसाद आणलाय."

"मग दारात ठेवा की. खिडकीत कशाला तोंड घालता?"

मी वरमले. पण आले होते त्या कामाला आले होते. "इथं तिच्याबरोबर कोण राहतं हो?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही तपासणीवाल्यांच्या का?"

"नाही गं बाई. मीच तिला हे घर मिळवून दिलं."

तशी ती थोडी सैलावली. "मग ऐका. तुमची सोजराबाई रोज दुपारी येती. आंघोळ करती. कपडे धुती. दोन माणसांचा सैपाक करती, दोन डबे भरती, कुलूप लावती आणि जाती."

"दोन डबे? दुसरा कुणाचा?"

"ते अल्लाला ठावं. मी विचारलं, 'सोजरामावशी, दुसरं माणूस कुठं हाय?' तर हसती. म्हनती, 'येनार हाय.' कधी येनार? 'येनार हाय.' मी म्हटलं, मावशी, भूतबीत तर न्हाई ना बोलावलं घरात?" आणि ती स्वतःच हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "ती खिडकीजवळची गादी रोज झटकती. पण तिच्यावर झोपलेलं कुणी म्या बघितलं न्हाई."

परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत बसले. भाडेकरू असता तर दिसला असता. नाही म्हणावं तर लुगडं कुणाचं? वाटेवरचे ते बाप्ये कोण? एखाद्या घरातून पळालेल्या बाईला ही लपवत तर नाही? की म्हातारपणी कुणाच्या नादाला लागली? काय काय मनात येतं माणसाच्या! हरिनाम घेता घेता येतं.

संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, सूप बाजूला ओढलं.

"सोजरा, मी माळावर जाऊन आले."

तिचा हात थांबला. "कुलूप असंल."

"कुलूप होतं. आणि दोरीवर तांबडं लुगडं होतं. कुणाचं ते?"

तिनं सुपाकडं हात नेला.

"साहेब कधीही येतील. घर जाईल तुझं. ज्या दिरांनी तुला बाहेर काढलं ते हसतील, आणि या वेळी हसायला त्यांना कारण असेल. मला खरं सांग. कुणाला ठेवलंयस?"

"अजून कुनालाबी न्हाई."

"अजून?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण काही सांगायची तयारीही नव्हती. "ताई, मी सांगितलं तर तुम्ही मला खुळी म्हनाल. आनि एकीला खुळी म्हनता ते काय कमी हाय?" मग मंडपाकडं बघत म्हणाली, "मला एक सांगा. वीनेकऱ्याला तहान लागली तर वीना कोन धरतं?"

"वाकडं बोलू नकोस. मी घराचं विचारतेय."

"मीबी घराचंच सांगतीया," ती म्हणाली आणि सूप पुन्हा पुढं ओढलं.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी यशवंतबुवांचं कीर्तन होतं. काय आवाज होता त्यांचा! उभे राहिले की मंडप आपोआप गप्प व्हायचा. त्या दिवशी त्यांनी आख्यान लावलं ते कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला निघाला त्याचं. रथ दारात उभा आहे, यशोदा चौकटीला धरून आहे, गोपी रथाच्या चाकांपुढं बसल्या आहेत. सोजरा बायकांच्या शेवटच्या रांगेत होती, पायरीकडं पाठ करून. मी एक डोळा बुवांवर, एक तिच्यावर ठेवून.

बुवा मध्येच थांबले. हसले. "माउली, मला सांगा, घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? 'जातो' म्हणता?"

बायका ओरडल्या, "नाही, नाही!"

"का नाही? जाताय तर जातो म्हणा!"

"अशुभ असतं!"

"अशुभ असतं. जो जातो तो जातोच. म्हणून आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं, बाळ, 'येतो' म्हण. बाजाराला निघाला, येतो म्हण. शाळेला निघाला, येतो म्हण. मग यशोदेनं कृष्णाला काय शिकवलं असेल? रथात पाय ठेवताना तो काय म्हणाला असेल?" बुवांनी हात वर केला, आवाज मऊ केला. "म्हणाला, 'आई, येतो हं.' आणि माउली, गोकुळात तो परत कधी..."

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. चिरका, पण ठणठणीत.

"येतो म्हनालाय न्हवं? मग येनारच की!"

अख्खा मंडप मागं वळला. सगुणाबाई. ज्यांचा आवाज आम्ही भाकरी मागतानाही ऐकला नव्हता, त्या बुवांकडं बघून जोरजोरात मान हलवत होत्या. "माझा बाबूबी असाच म्हनलाय. 'आई, गाडीचं बघून येतो हं, हितंच बस.' बसलीया न्हवं मी? येतो म्हनलेला मानूस येतोय. तुमी का लोकास्नी रडवताय?"

कुणी हसलं नाही. आणि मला सोजराचा हुंदका ऐकू आला.

त्याच वेळी भास्करराव चपलांसकट ओवरीत घुसले. घामानं डबडबलेले. "सोजराबाई! ऊठ! साहेब आलेत माळावर. पहिल्या इमारतीत आहेत. तुझी तिसरी. रिक्षा आणलीय, चल!"

सोजरा उठली नाही. तिनं पायरीकडं बघितलं.

"चल म्हणतोय ना! कुलूप बघितलं की संपलं."

"मला न्हाई येता येनार, अन्ना."

"का?" मी तिच्या दंडाला धरून हलवलं. "अगं का?"

मग ती बोलली. माझ्याशीच बोलली, हळू, पण शांत मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं.

"घरला निघाले तवा मी सगुनाबाईंच्या कानात काय म्हनलं ठावं हाय? 'येते हं.' जिभंवरचा शब्द, ताई. सगळ्यास्नी म्हनलं, तसं त्यास्नी म्हनलं. चार दिसांनी देवाला नारळ घेऊन आले तर त्या पान्याला शिवल्या न्हवत्या. म्हनत्यात, 'सोजरा येते म्हनलीया, आली की पिऊ.' त्यांच्या पोरानं हाच शब्द टाकून त्यास्नी हितं बसवलं. आनि वरनं मीबी त्योच टाकला. मग मी कशी झोपू तिकडं? मी म्हनलं, चला माझ्या घरी. आंतरूनबी घातलं त्यांचं, खिडकीपाशी, वाट दिसावी म्हनून. तर म्हनत्यात, 'मी उठले आनि बाबू आला तर?' त्याच्या डाव्या भुवईवर खोक हाय. येनाऱ्या जानाऱ्याच्या भुवया बघून माझं डोळं गेलं, अनसाताई."

तांबडं लुगडं. दोन डबे. चहाच्या गाड्यावरचा माणूस. एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, मग म्हातारीला उचला आणि रिक्षात घाला!" भास्करराव म्हणाले.

"उचलून न्यायला गाडी आली हुती एकदा," सोजरा म्हणाली. "खांब सोडला का?"

माझं लक्ष मंडपाच्या मध्यावर गेलं. इतकं सगळं घडत होतं, पण वीणेकरी आपला वीणा गळ्यात घेऊन उभाच होता. बोटं तारेवर. तहानेल्या वीणेकऱ्याची वीणा कोण धरतं, हा सोजराचा प्रश्न तेव्हा मला कळला. मी त्याच्यापुढं गेले. "दादा, वीणा द्या."

"तुमचा पहारा नाही, वहिनी."

"माझा नाही. पायरीवर न्यायची आहे."

भास्करराव म्हणाले, "अहो, मंडपाबाहेर वीणा? हे कुठल्या शास्त्रात..."

बुवांनी हात वर केला. "न्या," म्हणाले. "देऊळ पायरीपासूनच सुरू होतं."

वीणेकऱ्यानं स्वतःच वीणा बाहेर आणली, गळ्यातून न काढता. सगुणाबाईंपुढं उभा राहिला. मी म्हटलं, "सगुणाबाई, उठा. पहारा घ्या."

आयुष्यभर सप्ताह बघितलेली बाई ती. वीणा समोर आली तशी पदर डोक्यावर घेऊन उठली. पायरीवरच, पण उठली. दोघं एकमेकांच्या पाया पडली. वीणा सगुणाबाईंच्या गळ्यात आली. त्यांचं बोट तारेला लागलं, ओठ हलले. आत बुवांनी हलकेच नाम धरलं, टाळ सुरू झाले. भास्करराव घड्याळ बघत तळमळत होते. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. पहारा घाईनं होत नाही.

मग मी त्यांच्यापुढं उभी राहिले. "सगुणाबाई, आता पहारा माझा. वीणा मला द्या आणि पायरीही द्या."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी ज्या नजरेनं इतके दिवस सोजराकडं बघत होते ना, त्याच नजरेनं. संशयानं.

"बाबू आला तर वळखू येईल तुमास्नी?"

"डाव्या भुवईवर खोक."

"पान खातोय लई. वठ लाल असत्यात."

"ध्यानात ठेवते."

"काय सांगशील त्याला?"

"सांगेन, तुझी आई घरी गेलीय. सोजराच्या घरी, माळावर. तू इथं थांब, मी घेऊन येते."

"रागवायचं न्हाई त्याला."

"नाही रागवणार."

"त्यानं मुद्दाम न्हाई केलं. गाडी चुकली असंल."

"हो."

त्यांनी पदर सारखा केला. मग वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावला. मी त्यांच्या पायांना लावला. भेगाळलेले, दगडासारखे पाय. वीणा त्यांच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आली. सोजरानं त्यांचा हात धरला. एक पाऊल, दुसरं पाऊल. ज्या खांबाला त्यांनी मिठी मारली होती त्याला त्यांनी जाताना नुसता हात लावला, जसा शेजाऱ्याला लावावा. रिक्षात बसताना वळून मला म्हणाल्या,

"येते हं."

मी मान हलवली.

मी पायरीवर उभी. गळ्यात वीणा, तोंड स्टेशनकडं. आणि खोटं कशाला सांगू, लातूर गाडीचे उतारू रस्त्याला लागले तेव्हा मी प्रत्येकाच्या डाव्या भुवईकडं बघत होते. पान खाल्लेला एक जण दिसला तर माझा ठेका चुकला. त्याच्या भुवईवर काही नव्हतं. त्या एका दुपारी मला कळलं, सोजराचे डोळे कशानं गेले.

आणि मनातून संशय काही हटेना. पोचल्या असतील का? साहेब पुढं निघून गेला असेल तर? म्हातारीनं वाटेत रिक्षा थांबवली असेल तर? बायका येऊन म्हणाल्या, "अनसाताई, आता द्या वीणा, किती वेळ उभ्या राहाल?" मी म्हटलं, "वीणा घ्या. पायरी नाही." वीणा आत गेली. मी तिथंच बसले.

दिवेलागणीला रिक्षा आली. आधी भास्करराव उतरले. त्यांचा चेहरा बघून काही कळेना. मग ते खोऽखो हसायला लागले.

"वहिनी, साहेब जिन्यातच होता हो! सोजरानं कुलूप काढलं तर लगेच तोंड वाकडं केलं त्यानं. 'आत्ताच आलात वाटतं? घरात कोण कोण राहतं?' सोजरा म्हणाली, 'आमी दोघी.' तो म्हणाला, 'कशावरून?' मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती शेजारीण पुढं आली, कमरेवर हात ठेवून. 'साहब, रोज दोन माणसांचा सैपाक होतो हितं. दोरीवर दोघींची लुगडी हायत. गाद्या दोन. आणखी काय बघायचंय, ताट चाटून दाखवू?' साहेबानं ताटं बघितली, अंथरुणं बघितली. आणि ही म्हातारी त्या खिडकीजवळच्या गादीवर जाऊन अशी बसली, जशी जन्मापासून तिथंच बसलीय! त्यानं सही केली आणि गेला."

ज्या दोन ताटांवरून मी बसमध्ये मनातल्या मनात तिला फासावर दिलं होतं, त्याच ताटांनी तिचं घर राखलं.

सोजरा मागून सगुणाबाईंना धरून आली. मी म्हटलं, "अगं, परत कशाला आलात? आता घरी राहायचं."

सगुणाबाई माझ्यावरच डाफरल्या. "येते म्हनले हुते न्हवं? सरक."

मी सरकले.

पुढं तसंच ठरून गेलं. सकाळच्या बसनं त्या दोघी यायच्या, सगुणाबाई पायरीवर बसायच्या. दिवेलागणीला माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात पायरी द्यायच्या, पाया पडायच्या, "येते हं" म्हणायच्या आणि घरी जायच्या. पुढं पुढं भास्कररावही संध्याकाळी तासभर पायरीवर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, वारा चांगला लागतो. सोजरा परत कधी ओवरीत निजली नाही. त्यांनी काही वर्षं अशी एकत्र काढली. नूरजहानच्या पोरी सगुणाबाईंना नानी म्हणायच्या.

मग एका थंडीत, सकाळच्या बसनं सोजरा एकटीच उतरली. हातात तांबडं लुगडं, घडी घातलेलं. मी पायरी झाडत होते. झाडू बाजूला ठेवून तिला जागा दिली. ती माझ्या शेजारी बसली. लुगडं मांडीवर ठेवून म्हणाली, "रात्री निजताना मला म्हनल्या, 'सकाळी पायरीवर मला पुढं जाऊ दे. येते हं.'"

ते लुगडं देवळात आहे अजून. सप्ताह उठला की वीणा ज्या चौरंगावर ठेवतो, त्यावर तेच अंथरतो आम्ही.

हे बघा, टाळ वाजले. बुवा आले. मागणं सांगते आणि उठते. तुम्ही सगळ्या गावोगावच्या. बार्शीला जाल, लातूरला जाल, कुठल्या तरी स्टेशनावर, कुठल्या तरी लग्नात तुम्हाला एक माणूस भेटेल. आता म्हातारा झाला असेल. डाव्या भुवईवर खोक, ओठ पानानं लाल. बाबू नाव. त्याला रागवू नका, तिनं माझ्याकडून तसं वचन घेतलंय. फक्त सगुणाबाईंची आठवण ठेवा आणि त्याला सांगा, तुझी आई गेली असं कुणी सांगितलं तर खरं मानू नकोस. ती 'येते' म्हणालीय.